जित्या झाडाले तार नाई

झाडाजवळ गेले की मामू आधी त्याच्या खोडावर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मग झाडाशीच बोलायचे, "जरा धरजो, बाप्पा." त्यानंतर जीपच्या मागून गोणपाट निघायचं, मग पट्टा, मग साखळी. चिखलात रुतलेल्या गाडीचा मालक तोवर घायकुतीला आलेला असायचा. "मामू, तार गुंडाळा ना झाडाले सरळ. काहून येळ लावून राहिले?" मामू वर न बघता सांगायचे, "जित्या झाडाले तार नाई."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुणी झाडाला कपडे वाळवायची तार बांधताना दिसला तर माझ्या तोंडून ते निघून जातं. घरचे हसतात. हसू देत.

मामूंची जीप जुनी, लष्करानं निकालात काढलेली. तिच्या पुढच्या बंपरवर लोखंडी ढोल बसवलेला होता, ढोलावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला वाकडा आकडा. या यंत्राला विंच म्हणतात. पण मोर्शीत विंच कोण म्हणणार? जीप गावात आली त्याच आठवड्यात कुणीतरी विंचचा विंचू केला आणि वऱ्हाडात विंचवाला इच्चू म्हणतात, त्यामुळे जीपचं नाव इच्चू पडलं. पुढे आलेला तो आकडा नांगीसारखा दिसायचाही. मग मामू आपोआप इच्चूवाले मामू झाले. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी गावातल्या निम्म्या लोकांना ते कोण हे कळणार नाही.

माझं दुकान अमरावती रोडवर. पंपाचे सुटे भाग, बेअरिंगा, पिठाच्या गिरणीचे पट्टे असला माल. दुकानासमोर कडुनिंब आहे, त्याच्याखाली इच्चू उभी असायची आणि माझ्या बाकड्यावर मामू बसलेले असायचे. बाकडं माझं आहे हे मी त्यांना अधूनमधून सांगायचो. त्यावर ते म्हणायचे, "मंग तू बस ना, मी कोठी नाई म्हनतो?" आणि जागचे हलायचे नाहीत.

मामूंचं घराणं बागवानांचं. झाडावरचा संत्रा विकत घ्यायचा, तोडायचा आणि बाजारात पाठवायचा हा तीन पिढ्यांचा धंदा. मामूंना घासाघीस जमत नसे. समोरच्यानं भाव सांगितला की त्यांना तो खराच वाटायचा. भावांनी त्यांना मानानं धंद्यातून बाजूला केलं आणि गाड्यांकडे लावलं. परतीचा पाऊस आणि संत्र्याची तोडणी एकाच सुमारास यायची. भरलेल्या गाड्या बागेतून निघताना काळ्या मातीत चाकं बुडेपर्यंत फसायच्या. मग इच्चूला बोलावणं जायचं.

तुम्ही कधी काळ्या मातीत गाडी फसलेली पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे नुसती ताकद उपयोगाची नाही. जीप उभी करून दुसऱ्याला ओढायला लागलं तर दुसरा जागेवरच राहतो आणि जीपच घसरत त्याच्याकडे जाते. म्हणून जीपची शेपटी मागच्या एखाद्या झाडाला बांधावी लागते. ताण सगळा त्या झाडावर. खोडाला आधी गोणपाट, गोणपाटावर गिरणीचा रुंद पट्टा बक्कल लावून, आणि त्या पट्ट्यावर साखळी, ही मामूंची पद्धत. नुसती तार वा साखळी लावली तर ती सालीत रुतते, सालीला गोल चर पडतो आणि चांगलं झाड वर्षभरात वाळतं. पट्टा माझ्याच दुकानातून जायचा. बक्कल आणि भोकं मामू स्वतः करायचे.

पुढच्या अंगाला आकडा लावताना त्याचं तोंड वर ठेवायचं. ढोलावरचे शेवटचे वेढे त्यांनी लाल ऑइलपेंटनं रंगवले होते. लाल दिसला की तार आणखी सोडायची नाही. आणि तार ताणायच्या आधी तिच्या मध्यावर मामीनं शिवलेली जाडजूड वाकळ टाकायची. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उलटी येते, वाकळीच्या वजनानं ती जमिनीवर बसते. मामी म्हणायची, "माह्या हातची वाकय अंगावर घ्याले पायजे, हा मानूस लोखंडाले पांघरते." पण जुनी फाटली की नवी शिवून द्यायची तीच.

ताण असलेल्या तारेवरून कुणी पाय टाकला तर मामू इंजिन बंद करायचे. एकदा लग्नाची गाडी फसली. मुहूर्त टळायला आलेला, नवरदेव बाशिंग सावरत तारेवरून पलीकडे गेला. मामूंनी चावी काढून खिशात घातली आणि बिडी पेटवली. वऱ्हाडी मंडळी ओरडू लागली. मामू म्हणाले, "त्याले मांगं पाठवा. तारेच्या तिकडून फिरून येऊ द्या." कुणीतरी म्हणालं, अहो, तो नवरदेव आहे. "म्हनूनच सांगतो. बिनापायाचा नवरदेव पोरगी घेईन का?" नवरदेव मुकाट्यानं शेताला वळसा घालून आला. त्या लग्नाचं जेवण मामूंना शेवटच्या पंगतीत मिळालं आणि ते त्यांना आवडलंही नाही, कारण वरण पातळ होतं.

दुसरा नियम त्याहून अवघड. ताणात बोलायचं नाही. मामू तारेचा आवाज ऐकायचे. चांगली तार कशी गुणगुणते, एखादा धागा तुटायला आला की कशी कुरकुरते, हे त्यांना कळायचं. एकदा गुरुकुंज मोझरीहून परतणारी एक भजनी मंडळी आमच्या रस्त्यावर बससकट खड्ड्यात गेली. इच्चू ओढायला लागली तसा मंडळींना उत्साह आला आणि त्यांनी खंजिरीवर भजन धरलं. मामूंनी इंजिन बंद केलं.

"ताणात बोलाचं नाई."

बुवांना राग आला. "आमी देवाचं नाव घेऊन राहिलो."

"घ्या ना बुवा. मनात घ्या. मले तार आयकू येत नाई."

मग ती सगळी माणसं खंजिऱ्या छातीशी धरून गप्प उभी राहिली आणि बस हळूहळू वर आली. ती रस्त्यावर लागल्यावर मामूंनी वाकळ झटकली, खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "आता म्हना. जोरात म्हना." आणि भजन संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

काम झालं की तार गुंडाळणं हाही एक सोहळा असे. ढिली गुंडाळलेली तार पुढच्या वेळी वरच्या थरातून खालच्या थरात घुसते आणि अडकते. म्हणून बाजाराच्या मोकळ्या मैदानात मामू तार पूर्ण सोडायचे, टोक खांबाला लावायचे आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून इच्चूला तिच्याच तारेनं पुढे ओढत न्यायचे. तार ढोलावर एकाला एक लागून बसायची. मी एकदा म्हणालो, "मामू, मामी साडीची घडी इतकी नीट करत नसन." ते म्हणाले, "साडी फाटली त कोनी मरत नाई रे."

या माणसाचा जीव ज्याच्यात गुंतला होता तो देवराव. जातीचा माळी, मोर्शीच्या पलीकडे त्याची संत्र्याची बाग आणि कडेला झेंडूचा तुकडा. दोघं तरुणपणापासूनचे. देवरावानं बाग लावली तेव्हा रोपवाटिकेतून कलमं आणली ती मामूंच्या जीपमधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मामू वाटेतला प्रत्येक खड्डा चुकवत इतक्या हळू आले की देवराव उतरून पायी चालू लागला, असं देवरावच सांगायचा. त्या बागेतली झाडं मामूंना आपली वाटायची. "माह्यं झाड" असंच ते म्हणायचे, आणि देवराव हरकत घ्यायचा नाही.

संत्र्याच्या कलमाची एक गोष्ट बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवी. आमच्याकडे जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. म्हणजे खाली मूळ जंबेरीचं आणि वर झाड संत्र्याचं. जमिनीपासून वीतभर वर तो डोळ्याचा सांधा आयुष्यभर दिसतो. सांध्याच्या वर जे फुटेल ते संत्रा, खाली जे फुटेल ती काटेरी, आंबट जंबेरी. हा सांधा मातीखाली गेला की खोडाला डिंक्या रोग लागतो. देवराव या बाबतीत भयंकर माणूस. कुणाच्या बागेत पाहुणा गेला तरी चहा घ्यायच्या आधी वाकून कलमांचे डोळे बघायचा आणि कुठे माती चढलेली दिसली की यजमानाची हजेरी घ्यायचा. "डोयावर माती टाकतं का कोनी? मानसाच्या डोयात टाकशीन का?"

मग ती वर्षं आली. ती कसली हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पाऊस यायचा तो तोंड दाखवून जायचा. विहिरींचे तळ दिसले, बोअर खोल खोल गेले आणि खालून नुसती धूळ यायला लागली. मोर्शीच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंती असायच्या, त्या तपकिरी झाल्या. गावात रोज कुठल्या ना कुठल्या घरची वाईट बातमी यायची. पेपर उघडायची आम्हाला भीती वाटू लागली.

पाऊस नाही तर चिखल कुठला, आणि चिखल नाही तर इच्चूला काम काय? पण काम आलं. लोकांना वाळलेल्या बागा उपटून तिथे दुसरं काही पेरायचं होतं. मुळं तोडून सैल केलेलं झाड तारेनं ओढलं की अख्खं बाहेर येतं. जो माणूस जन्मभर झाडाच्या आधारानं गाड्या ओढत आला, त्याला आता झाडंच ओढायला बोलावणी येऊ लागली.

मामू जायचे. पण आधी झाडाजवळ उभं राहून अंगठ्याच्या नखानं साल खरवडायचे. आत तपकिरी निघालं तर म्हणायचे, "सुकलं." आत हिरवी रेघ दिसली की आकडा उचलून परत ठेवायचे. लोक चिडायचे. एकजण म्हणाला, "तू काय झाडाचा डॉक्टर हाय का?" मामू म्हणाले, "नाई. पन तार माही हाय." आणि जीप वळवली.

देवरावाच्या बागेनं त्या उन्हाळ्यात मान टाकली. देवरावानं बोलावलं. मामूंनी नख लावलं, हिरवं निघालं. "जितं हाय. पावसापर्यंत थांब." देवराव थांबला. मामू इच्चूमध्ये ड्रम ठेवून कुठून कुठून पाणी आणत राहिले. उन्हात त्यांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. मी म्हणालो, "मामू, एवढ्या बागेले ड्रमानं पानी पुरते का?" ते म्हणाले, "पुरत नाई. पन झाडाले समजते का आपून येऊन राहिलो." पाऊस आला, तो चार शिंतोडे टाकून गेला. देवरावानं त्या हंगामात काही पेरलं नव्हतं. शेतात झाडं उभी होती ना. त्याचं सबंध वर्ष मामूंच्या एका शब्दावर गेलं. तो कधी त्याबद्दल बोलला नाही. मामू मात्र त्याच्या घरी जेवायला बसेनासे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात देवराव स्वतः माझ्या दुकानात आला. मामू बाकड्यावर होते. देवराव बसला नाही.

"चाल. आता नाई थांबत मी."

"नख लावून पायतो आंदी," मामू म्हणाले.

"लाव. पन आता हिरवं निघालं तरी मले सांगू नको. घरात खाले पायजे, गड्या. झाडं पाहून पोट भरत नाई."

मी दुकान बंद केलं आणि त्यांच्या मागे गेलो. कशासाठी गेलो ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मामूंनी एक झाड सोडलं नाही. एकेका झाडापाशी जात होते, नख लावत होते. गुडघे त्या वर्षी त्यांना फार छळत होते, वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्या उभ्या छातीच्या उंचीवर साल खरवडत होते. "सुकलं." पुढचं झाड. "सुकलं." सगळी तपकिरीच निघाली. बागेच्या त्या टोकापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि इकडे देवराव कुऱ्हाड घेऊन मान खाली घालून बसला होता.

मग ओढणं सुरू झालं. जीपची शेपटी बागेच्या मधल्या एका झाडाला बांधली, गोणपाट, पट्टा, साखळी सगळं नेहमीसारखं. त्याच्या खोडावर थाप मारून मामू म्हणाले, "धरजो, बाप्पा." मग पुढच्या झाडाला आकडा लावला, त्याच्याही खोडावर थाप मारली आणि म्हणाले, "सोडजो, बाप्पा." वाकळ टाकली. तार ताणली. आम्ही कुणी बोललो नाही. झाड आधी वाकलं, मग जमीन फुगली आणि ते आडवं झालं.

दिवसभर तेच चाललं. मध्येच एका झाडाला मामूंनी विंच थांबवली आणि कान दिला. मुळ्या तुटत होत्या. वाळलेलं लाकूड काडकन मोडतं, हा आवाज तसा नव्हता, चिवट होता. मी मामूंकडे पाहिलं. देवरावही पाहत होता. मामूंनी कपाळाचा घाम पुसला आणि विंच परत चालू केली.

शेवटी ते मधलं झाड तेवढं राहिलं, ज्यानं दिवसभर जीपची शेपटी धरली होती. देवराव कुऱ्हाड टेकवून उभा राहिला. "हेही काढून टाक."

"याले काढाले जीप कशाले बांधू? शेवटच्या झाडाले कोन धरन?"

"बांधावरच्या निंबाले बांध."

मामूंनी निंबाकडे पाहिलं. "साखळी पुरत नाई."

साखळी पुरली असती. साखळीला दोर जोडला असता तर नक्कीच पुरली असती, आणि जीपमध्ये दोर होता. मला दिसत होता, देवरावालाही दिसत होता. देवराव म्हणाला, "राहू दे मंग." मामूंनी साखळी सोडली. गोणपाट आणि पट्टा मात्र तसाच त्या झाडाला राहू दिला. मला वाटलं विसरले, पण मामू सामान विसरणारे नव्हते.

त्या साली पाऊस बरा झाला. देवरावानं त्या शेतात पेरलं, उगवलंही. आणि एका शुक्रवारी नमाजहून येताना मामू माझ्या दुकानात शिरले, ते बाकड्यावर बसलेच नाहीत.

"देवरावचं झाड फुटलं."

"वा! मंग तं पेढे द्या, मामू."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्या डोक्यात उशिरानं प्रकाश पडला. ते एक झाड बाकीच्यांसारखंच होतं. त्याच्याही सालीत छातीच्या उंचीवर नखाला तपकिरीच लागलं होतं, खाली वाकून कुणी पाहिलंच नव्हतं. ते जर जिवंत होतं, तर त्या दिवशी आडवी झालेली बाकीची?

"बांधावरून पायलं मी. हिरवं हाय," मामू म्हणाले. "देवरावले इचारलं. थो म्हनते जंबेरी हाय, खालून फुटली. संत्रा मेलेलाच हाय म्हनते." मग म्हणाले, "जंबेरी असन तं आपल्या हातून काई झालं नाई. तू चाल माह्यासंग. माह्यानं वाकनं होत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. देवराव झाडापाशीच होता. हिरवा कोंब खोडाच्या अगदी खालच्या अंगाला आला होता. डोळ्याच्या वर की खाली, ते पाहायला मी वाकलो आणि पाहतच राहिलो. खोडाभोवती ताजी माती ओढून चांगली उंच भर केलेली होती. सांधा त्या मातीत गडप झाला होता. कोंब जणू मातीतूनच वर आला होता.

"जंबेरी हाय," देवराव म्हणाला. माझ्याकडे न बघता, मामूंकडेही न बघता. "मी सांगतलं ना कालच. काटे पायना."

मामूंनी कोंबाला हात लावला. एक पान तोडलं. "हो," म्हणाले, "जंबेरीच दिसते." आणि देवरावाच्या खांद्यावर थाप मारली, झाडाला मारायचे तशी.

परत येताना मामूंनी वाटेत जीप थांबवली आणि मूठ माझ्या नाकाशी उघडली. चुरगळलेलं पान होतं. जन्मभर मोर्शीत राहिलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. संत्रा होता.

"पान नसतं हुंगलं तरी समजलं असतं," मामू म्हणाले. "देवराव डोयावर माती टाकीन का कधी? मरन, पन टाकनार नाई. त्यानं माह्यासाठी टाकली."

"मंग बोलले काहून नाई तुमी?"

"काय बोलू? त्याले वाटते मले समजलं नाई. वाटू दे. त्याले बरं वाटत असन."

 मग मामू रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी रस्त्याकडे पाहत बसलो. रडता रडताच म्हणाले, "मले आवाज आला होता रे. ते सोडून नोते राहिले. मी सोडजो म्हनून राहिलो अन् ते सोडून नोते राहिले."

त्यानंतर मामूंनी तार कधी ताणली नाही. बोलावणी आली तर म्हणायचे, इच्चूची नांगी मोडली. एक दिवस तार पूर्ण काढून ग्रीस लावून त्यांनी ती माझ्या दुकानाच्या माळ्यावर ठेवायला दिली. ढोलावर लाल रंगाचे डाग तेवढे राहिले. बाकड्यावर यायचे, बसायचे, पण हक्कानं नाही. मी उठा म्हणेन की काय अशा बेतानं बसायचे. मला त्याचा फार त्रास व्हायचा. शुक्रवारी मात्र देवरावाच्या शेतावर जायचे. दोघं त्या झाडाजवळ बसून जंबेरी कशी माजली आहे यावर बोलायचे, असं देवराव सांगायचा.

मामी गेल्यावर त्यांची मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. तिथेच हिवाळ्यात ते गेले. फोन आला तसे मी आणि देवराव मिळेल त्या बसनं निघालो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलीनं आम्हाला चहा दिला आणि सांगू लागली. शेवटचे दिवस अब्बांच्या छातीत दुखायचं. दुखायला लागलं की म्हणायचे, वाकय टाक, ताण आला हाय. तिला वाटलं थंडी वाजते, ती शालीवर शाल घालायची. ते त्या बाजूला सारायचे. शेवटी आईची वाकळ अंगावर टाकली तेव्हा शांत झाले. आणि कुणी काही विचारायला गेलं की बोट ओठांवर ठेवायचे. "बोलू नका म्हनत होते," मुलगी म्हणाली. "काहून, ते नाई समजलं." देवरावानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

त्याला आता काही वर्षं झाली. इच्चू भंगारात गेली. बाकड्यावर आता कुणीही बसतं.

परवा तोडणीच्या दिवसात देवराव दुकानात आला. फार थकला आहे. धोतराच्या सोग्यातून त्यानं एक संत्रं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. पिवळंधमक, देठावरच्या पानासकट.

"त्या झाडाचं," तो म्हणाला. "मामू गेल्यावर आलो अन् पयले डोयावरची माती काढली. वाचलं. डिंक्या लागता लागता वाचलं."

मी संत्रं हातात घेतलं.

"त्याले मी जंबेरीच सांगतलं होतं. शेवटपर्यंत त्याले तेच वाटलं." देवराव माझ्याकडे बघत होता. "बरं झालं ना?"

"बरं झालं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि कामाचं बोलला. "पट्टा दे मले एक. गिरनीचा, रुंद."

"कशाले?"

"त्याचा पट्टा हाय ना झाडाले. दरसाल एक भोक सैल करत आलो. आता भोकं संपले." आणि मला समजलं नसेल असं वाटून त्यानं खुलासा केला, "झाड जितं हाय. जाड होते ना."

मी माळ्यावरून पट्ट्याची गुंडाळी काढली. तिच्यामागे मामूंची तार होती, ग्रीस अजून ओलं होतं. देवरावानं दोन्ही हातांचा वेढा करून खोडाचा घेर दाखवला.

पट्टा मी त्याहून बराच लांब कापून दिला.